मादागास्करचा धूमकेतू पतंग गोरेगावात सापडेल का?

गोकर्णी (धागाकर्ती) · रविवार, सकाळी ९.१२

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा मात्र पहिलाच. थोडी घाईत आहे, कारण ज्याच्याबद्दल विचारायचं आहे ते पाखरू आत्ता आमच्या गॅलरीत बसलेलं आहे.

शुक्रवारी रात्री पाऊस जरा उघडला तेव्हा आमच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या भिंतीवर, दिव्याखाली हे दिसलं. आम्ही गोरेगाव पूर्वेला राहतो, इमारतीमागून आरेची झाडी सुरू होते. तळहात उघडून भिंतीवर टेकवावा एवढं मोठं, मागे दोन लांब शेपट्या, प्रत्येक पंखावर डोळा काढल्यासारखा ठिपका. वॉचमनकाकांनी फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात तोच फोटो मजकुरासकट परत आला: हा मादागास्करचा धूमकेतू पतंग, कॉमेट मॉथ, जगात शंभरच उरलेत, परदेशात लाखो रुपये मिळतात. झालं, जिन्यात माणसं जमली. एकाने त्याला श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात घालून झाकण लावलं. आत ते इतकं फडफडत होतं की बाहेर आवाज येत होता. तो डबा मिळवायला मला तासभर भांडावं लागलं. उघडला तेव्हा एक शेपटी तुटून तळाशी पडली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीवर ठेवलंय. मुलाच्या पट्टीने लांबूनच मापलं, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेअकरा सेंटिमीटर. फोटोत पिवळं दिसत होतं, सकाळच्या उजेडात मात्र फिकट हिरवं आहे. कापसाचा बोळा साखरपाण्यात बुडवून जवळ ठेवला, त्याकडे ते बघतही नाही. आणि काल डब्यात मोहरीएवढे वीस-बावीस दाणे चिकटलेले दिसले, पांढुरके, तपकिरी छटेचे. ही अंडीच ना?

हा खरंच मादागास्करचा पतंग आहे का? त्याला काय खायला देऊ? कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.

---

रानवाट · रविवार, सकाळी ९.४०

गोकर्णीताई, आधी तो साखरपाण्याचा बोळा काढून टाका. पंखांना चिकटलं तर उगाच त्रास. हा पतंग काहीच खात नाही, त्याला खायला कामाला येईल असं तोंडच नसतं.

हा मादागास्करचा नाही. हा आपला चंद्रपतंग, मून मॉथ, शास्त्रीय नाव अ‍ॅक्टिआस सेलेने. पावसाळ्यात नॅशनल पार्क, आरे, येऊर, तुंगारेश्वर या पट्ट्यात दिसतो. दुर्मिळ म्हणता येणार नाही, पण रात्री हिंडणारा असल्यामुळे पुष्कळांनी जन्मात पाहिलेला नसतो.

फोटोने घात केला तो रंगाचा. पिवळ्या दिव्याखाली फिका हिरवा रंग पिवळाच दिसतो आणि धूमकेतू पतंग खरोखर पिवळाधमक असतो. पण दोन गोष्टी तुम्हीच मोजल्यात आणि पाहिल्यात. साडेअकरा सेंटिमीटर माप चंद्रपतंगाचं आहे. धूमकेतू पतंगाचे पंख वीस सेंटिमीटरच्या घरात जातात, म्हणजे जवळजवळ तुमच्या मापाची दुप्पट. त्याच्या शेपट्यांवर लालसर तपकिरी रंग उतरलेला असतो आणि नराच्या शेपट्या पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब असतात. तुमच्या पतंगाच्या पुढच्या पंखाची वरची कड बघा, मरून रंगाची सरळ किनार दिसेल, लुगड्याला असावी तशी.

आणि हो, ती अंडीच. म्हणजे ही मादी आहे. पोट जाड आहे का? मिशा नराच्या मानाने अरुंद असतील, नराच्या मिशा फर्नच्या पानासारख्या रुंद असतात. आज रात्री तिला सोडून द्या. तिच्याकडे दिवस थोडे आहेत.

---

डोंबिवलीची_आजी · रविवार, सकाळी १०.०५

तोंडच नाही? मग जगतं कशावर बाई?

---

रानवाट · रविवार, सकाळी १०.३१

आजी, सुरवंटपणी जेवढं खाल्लं तेवढ्यावर. दीड-दोन महिने सुरवंट पानं खातो, अंगात चरबी साठवतो, कोश विणतो. पतंग होऊन बाहेर पडल्यावर काम एकच राहतं, जोडीदार शोधून अंडी घालणं. त्याला काही दिवस पुरतात. या साऱ्या मोठ्या रेशमी पतंगांच्या कुळात, सॅटर्निडी म्हणतात त्याला, असंच असतं. आपला अ‍ॅटलास पतंग, टसरचा पतंग, हा चंद्रपतंग आणि मादागास्करचा तो धूमकेतू, सगळे याच घरचे.

---

ओंकार_दहावीब · रविवार, सकाळी ११.१८

दादा, मग तो धूमकेतू पतंग खरा आहे का मेसेजसारखाच खोटा? आणि फक्त मादागास्करमध्येच का?

---

रानवाट · रविवार, दुपारी १२.५०

खरा आहे, ओंकार. मी स्वतः जिवंत पाहिलेला नाही, पण पतंगांच्या मागे हिंडायला लागल्यापासून ज्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त वाचलं त्यातला हा एक. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शास्त्रीय नाव आर्जेमा मित्रेई. गेरँ-मेनव्हिल या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्याचं वर्णन केलं. मादागास्कर बेटाच्या पूर्व अंगाला डोंगरांची एक रांग उत्तर-दक्षिण जाते. हिंदी महासागरावरून येणारे वारे तिला धडकतात आणि तिथे पाऊस पडतो. आपल्या सह्याद्रीचंच आरशातलं चित्र म्हण, फक्त आपला पाऊस पश्चिमेकडून येतो आणि त्यांचा पूर्वेकडून. त्या रांगेवरच्या सदाहरित रानांत हा पतंग राहतो. जगात दुसरीकडे कुठेही रानात सापडत नाही.

मादी १२० ते १७० अंडी घालते. सुरवंट साधारण दोन महिने पानं खाऊन मग कोश करतो. कोशात दोनपासून सहा महिने मुक्काम. बाहेर आल्यावर आयुष्य चार-पाच दिवसांचं. त्या चार-पाच रात्रींत मादी एका जागी बसून हवेत गंध सोडते आणि नर त्या रुंद मिशांनी तो गंध पकडत अंधारातून तिच्यापर्यंत येतो. तेवढ्यात भेट झाली तर झाली.

‘फक्त तिथेच का’ याचं उत्तर: बेट आहे म्हणून. आफ्रिकेचा किनारा तिथून चारशे किलोमीटरवर आहे, मध्ये मोझांबिकची खाडी. चार दिवस जगणारा, न खाणारा पतंग एवढं पाणी सहजासहजी ओलांडत नाही. फार पूर्वी कधीतरी याचे पूर्वज त्या बाजूने आले असणार, कारण याचे जवळचे भाऊबंद, याच आर्जेमा कुळीतले, आफ्रिकेत आहेत. इकडे आलेले अडकले आणि त्यांची वेगळी जात झाली. मुंबईपासून ते रान सुमारे पाच हजार किलोमीटर. वाऱ्यावर येऊन गोरेगावच्या जिन्यात बसेल, ही शक्यता सोडून द्या.

आणि ‘जगात शंभरच उरलेत’ हेही चूक. त्याला माणसांनी पाळून वाढवलेलं आहे. युरोपातल्या फुलपाखरू-घरांत त्याचे कोश आणून लोकांना दाखवतात. असं काही फॉरवर्ड करण्याआधी पाच मिनिटं शोधलं असतं तर त्या बिचारीची शेपटी वाचली असती.

---

फुलोरा · रविवार, दुपारी १.२२

रानवाट, सुंदर लिहिलंत. एक शंका. ठाण्याला माझ्याकडे थोडी ऑर्किड्स आहेत, त्यामुळे मादागास्करच्या कॉमेट ऑर्किडबद्दल वाचलेलं आहे. डार्विनने ज्याचं भाकीत केलं होतं तो पतंग हाच ना?

---

रानवाट · रविवार, दुपारी २.०८

नाही, आणि नावामुळे हा गोंधळ होतोच. पण तुम्ही विचारलंत ते बरं झालं, कारण ती गोष्ट सांगायला मला फार आवडते.

ते ऑर्किड म्हणजे आंग्रेकम सेस्किपेडाले. पांढरं, चांदणीसारखं फूल, मागे सुमारे तीस सेंटिमीटर लांब बारीक नळी आणि मध फक्त तिच्या तळाशी. १८६२ मध्ये डार्विनकडे ही फुलं आली. नळी बघून त्याने म्हटलं की तेवढीच लांब सोंड असलेला पतंग मादागास्करात असलाच पाहिजे. १८६७ मध्ये वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने त्यात भर घातली: तो हॉक मॉथ, म्हणजे लांब सोंडेच्या पतंगांच्या कुळातला असणार, आणि तिथे जाणाऱ्यांनी त्याला तितक्याच खात्रीने शोधावं जितक्या खात्रीने खगोलशास्त्रज्ञांनी नेपच्यून शोधला. १९०३ मध्ये रॉथशील्ड आणि जॉर्डन या कीटकशास्त्रज्ञांनी त्या पतंगाचं वर्णन केलं आणि नावातच ‘प्रेडिक्टा’ घातलं, म्हणजे भाकीत केलेला. तेव्हा ती आफ्रिकेतल्या जातीची पोटजात मानली, २०२१ मध्ये स्वतंत्र जात ठरली. त्यातल्या एका नराची सोंड २८.५ सेंटिमीटर मोजली गेली आहे.

आता दोघांना शेजारी ठेवून बघा. एकाच बेटावर, एकाच प्रकारच्या रानात, रात्रीचेच दोघे. एकाची सोंड जगातल्या सगळ्या कीटकांत लांब आणि दुसऱ्याला तोंडच नाही.

---

फुलोरा · रविवार, दुपारी २.१५

अंगावर काटा आला. धन्यवाद.

---

तांडेल · रविवार, संध्याकाळी ६.४४

मर्चंट नेव्हीत तीस वर्षं काढली, आता वर्सोव्याला घरी. हा धागा बघून राहवलं नाही.

आमचं जहाज एकदा तोआमासिनाला लागलं होतं, मादागास्करच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं बंदर. जानेवारी होता. आपल्याकडे थंडी, तिकडे धो धो पाऊस. नकाशात बघा, मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर आणि त्यांची राजधानी अंतानानारिव्हो दक्षिणेला १९ अंशांवर. ऋतू मात्र उलटे. बंदरात एका दुकानदाराने गुजरातीत विचारलं, कुठून आलात. त्याचे पणजोबा काठियावाडातून आलेले. तिकडे या लोकांना ‘कराना’ म्हणतात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपासून त्यांची पेढी-दुकानं आहेत. त्याच्याच ओळखीने मी आणि आमचा सेकंड इंजिनीअर दोन दिवसांची सुट्टी काढून अंदासिबेच्या रानात गेलो.

रस्ता म्हणजे चिखल आणि ट्रक. पण दोन्ही बाजूंना भातखाचरं, आमच्या रायगडात असावीत तशी. लोक तीन वेळा भात खातात. सकाळी रानात इंद्री ओरडतात, ती मोठी काळी-पांढरी लेमूर. आवाज दोन-दोन किलोमीटर जातो, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं भोंगा वाजला.

पतंग मला दिसला नाही. कोश दिसला. आमच्या वाटाड्याने एका फांदीवर बोट दाखवलं, तिथे चांदीच्या तारेची जाळी करून टांगावी तशी पिशवी लोंबत होती. सगळीकडे बारीक भोकं. मी म्हटलं, कुणीतरी खाऊन टाकलाय. तो हसला आणि त्याने फांदी हलवली. पानांवरचं पाणी कोशात शिरलं आणि खालच्या भोकांतून ठिबकून गेलं. आत जीव होता. त्या रानात रोज पाऊस, भोकं नसती तर आतला जीव बुडून मेला असता. आयुष्यभर बिल्ज पंपाशी, म्हणजे जहाजाच्या तळाशी साचलेलं पाणी बाहेर काढणाऱ्या पंपाशी, काम केलेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल ते सांगता येत नाही. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

अजून एक. त्यांच्या भाषेत फुलपाखराला, पतंगाला ‘लोलो’ म्हणतात. मेलेल्या माणसाच्या भुतालाही लोलोच. वाटाड्या म्हणाला, म्हणून रात्री घरात आलेल्या लोलोला म्हातारी माणसं मारू देत नाहीत.

---

डोंबिवलीची_आजी · रविवार, रात्री ८.१०

आमच्या गावी चिपळूणला कंदिलावर पाखरू आलं की सासूबाई कंदील बारीक करायच्या. का ते कधी विचारलं नाही. आज या तांडेलभाऊंचं वाचून त्यांची आठवण आली.

---

गिरणगाव · रविवार, रात्री ९.३०

मी लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होतो, आधी साचेवाला, मग जॉबर म्हणजे मुकादम. संप झाला तेव्हा पस्तिशीत होतो. सूत हा माझा विषय, म्हणून कोशाबद्दल लिहितो.

नातीने मला एक शोधनिबंध समजावून सांगितला होता, तो याच पतंगाच्या कोशावर आहे हे आज कळलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नानफांग यू आणि मंडळींनी २०१८ मध्ये या कोशाची तार सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. तुतीच्या रेशमाची तार आतून भरीव असते. याच्या तारेत लांबीच्या दिशेने हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या धावतात, केसाच्या कितीतरी पट बारीक, एकीशेजारी एक. त्यामुळे ऊन आत शिरत नाही, उलटं फिरतं, म्हणून तो कोश चांदीसारखा चमकतो. आणि आतली उष्णता मात्र तार बाहेर टाकते. थोडक्यात, उघड्यावर टांगलेला कोश उन्हात भाजत नाही. तांडेलभाऊंनी पाहिली ती भोकं पाण्यासाठी आणि तारेतली ही पोकळी उन्हासाठी.

पुढे त्या लोकांनी तसंच सूत कारखान्याच्या पद्धतीने ओढून बघितलं. एक विरघळवलेल्या रेशमापासून आणि एक प्लास्टिकच्या जातीच्या पदार्थापासून. पोकळ्या दोन्हीत आणता आल्या. म्हणजे उद्या थंड राहणारं कापड निघू शकेल.

मे महिन्यात गिरणीत काय उकाडा असे ते आत काम केलेल्यालाच ठाऊक. सूत तुटू नये म्हणून खात्यात मुद्दाम दमट हवा ठेवत. अंगातला गंजीफ्रॉक पिळून काढावा लागे. आणि एका अळीने ते गणित असं सोडवून ठेवलंय, आम्ही बघतच राहिलो.

---

बेसाल्ट · रविवार, रात्री १०.१५

मंडळी, एक मुद्दा. मादागास्कर आणि भारत कोणे एके काळी जोडलेले होते ना? मग चंद्रपतंग आणि धूमकेतू पतंग एकसारखे दिसतात ते त्या जुन्या नात्यामुळे असेल का?

---

रानवाट · रविवार, रात्री १०.५०

जोडलेले होते, बरोबर. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून सुटला. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा खडक ६.६ कोटी वर्षांचा धरतात, म्हणजे मुंबईखालचा लाव्हा वाहिला तेव्हा ती ताटातूट होऊन दोन कोटी वर्षं झाली होती. त्या जुन्या काळचे काही जीव आपल्याकडे खरोखर शिल्लक आहेत. दक्षिण सह्याद्रीतला जांभळा बेडूक घ्या, २००३ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि त्याचे जवळचे नातेवाईक सेशेल्सच्या बेटांवर निघाले.

पण या दोन पतंगांचं तसं नाही. वर लिहिलं तसे धूमकेतूचे सख्खे आफ्रिकेत आहेत. चंद्रपतंगाचे सख्खे आशियात पसरलेत आणि एक थेट अमेरिकेत, तो लुना मॉथ. दोन्ही कुळ्या एकाच घराण्यातल्या, नातं चुलत. शेपट्या मात्र दोघांनाही एकाच संकटामुळे उपयोगी पडतात, वटवाघूळ.

गोकर्णीताई, हे खास तुमच्यासाठी. अमेरिकेत २०१५ मध्ये लुना मॉथवर प्रयोग झाला. अंधाऱ्या खोलीत वटवाघळं आणि पतंग सोडले, काहींच्या शेपट्या ठेवल्या, काहींच्या काढल्या. उडताना शेपटीची पिळदार टोकं गरगर फिरतात आणि वटवाघळाच्या कानात त्यांचाच प्रतिध्वनी घुमतो. निम्म्याहून जास्त झडपा शेपटीवर गेल्या. शेपटी तुटली, पतंग निसटला. शेपटीवाल्यांची वाचण्याची शक्यता जवळपास ४७ टक्क्यांनी जास्त निघाली.

तुमच्या पाहुणीची एक शेपटी गेली म्हणून ती मरणार नाही. एक ढाल गेली, एवढंच. उडता नक्की येईल.

---

गोकर्णी · रविवार, रात्री ११.३७

रानवाट, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. दोन दिवस मी तिला अपंग समजून रडत होते.

आत्ताच सोडलं. घरातले आणि गॅलरीतले सगळे दिवे बंद केले. ती आधी नुसती थरथरत राहिली, पाच-सहा मिनिटं, पंख न उघडता. मला वाटलं, संपलं. मुलगा म्हणाला, आई, ती गाडी गरम करते आहे. मग एकदम उडाली. जरा तिरपी गेली, सावरली आणि झाडीच्या बाजूला दिसेनाशी झाली.

अंडी डब्यातच आहेत. मोजली, तेवीस.

---

रानवाट · रविवार, रात्री ११.५५

मुलाने बरोबर ओळखलं, थरथरून अंगातले स्नायू तापवल्याशिवाय त्यांना उडता येत नाही.

अंडी सावलीत, कोरडी ठेवा. झाकण नको, वर मलमल बांधा. साधारण दहा-बारा दिवस लागतील. तोवर शिमटीचं झाड हेरून ठेवा, काही जण मोई म्हणतात. कुंपणाला फांदी रोवली तरी जगणारं झाड, रस्त्याच्या कडेलाही असतं. अळी निघाल्यावर त्याचीच कोवळी पानं. शोधायला नॅशनल पार्कात शिरू नका, तिथून पानसुद्धा आणायची नसते.

---

व्यवहारी · सोमवार, सकाळी ८.२०

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. पण एक प्रश्न मनापासून विचारतो. त्या पतंगाचे कोश परदेशात विकले जातात असं वर आलंय. मग मेसेजमध्ये ‘किंमत आहे’ म्हटलं ते तत्त्वतः चूक कसं? आणि तिकडचे गरीब शेतकरी त्यातून चार पैसे कमावत असतील तर त्यात वाईट काय?

---

रानवाट · सोमवार, दुपारी १.३०

काहीच वाईट नाही, आणि प्रश्न योग्य आहे.

पूर्वेकडच्या त्या रानांना खरी झळ पोचते ती ‘तावी’ने. म्हणजे डोंगरउतारावरचं रान तोडून जाळायचं, राखेत भात पेरायचा, दोन-तीन वर्षांनी जमीन दमली की पुढचा तुकडा. आपल्याकडे कोकणात कुमरी होती, त्याच जातीची शेती. जाळणारा हौसेने जाळत नाही, त्याला घरी तांदूळ हवा असतो. १९५३ ते २०१४ या काळात मादागास्करचं ४४ टक्के नैसर्गिक जंगल गेलं, असा उपग्रहचित्रांवरून आणि जुन्या नकाशांवरून काढलेला अंदाज आहे. ज्या पतंगाचं सगळं जग म्हणजे तो एक रानाचा पट्टा, त्याला दुसरीकडे जायला जागा नाही. चंद्रपतंगाचं तसं नाही, आरेतली झाडं तुटली तर आरेतले पतंग जातील, पण जात हिमालयापासून श्रीलंकेपर्यंत पसरलेली आहे. धूमकेतूचं रान गेलं तर मागे फक्त पिंजऱ्यात वाढवलेले उरतील.

म्हणूनच ईशान्येला मकिराच्या रानाच्या कडेला काही गावांत शेतकऱ्यांना तिथल्याच रानटी रेशमी पतंगांसाठी झाडं लावायला शिकवलं गेलं. पतंग उडून गेल्यावर उरलेले रिकामे कोश सपाट करून, शिवून त्यांचं कापड करतात. मला हे फार पटतं. त्यात पतंग उभा राहतो, झाड उभं राहतं आणि घरात पैसेही येतात.

जिन्यातला पतंग डब्यात कोंबून गिऱ्हाईक शोधणं हे त्यातलं नाही.

---

गिरणगाव · सोमवार, दुपारी २.०५

रिकाम्या कोशाचं कापड होतं ते खरं आहे. पतंग कोश भेदून बाहेर पडला की तार सलग राहत नाही. तुतीच्या एका कोशातून शेकडो मीटर अखंड तार निघते ती अळी आत असतानाच कोश उकळतात म्हणून. मादागास्करात मधल्या पठारावर ‘लांदिबे’ नावाचं रानटी रेशीम पूर्वापार आहे, ते हाताने कातून विणतात आणि त्याची कफनं करतात. पूर्वजांची हाडं काही वर्षांनी थडग्यातून काढून नव्या रेशमात गुंडाळायचा त्यांचा सोहळा असतो. सूत माणसाला शेवटपर्यंत सोडत नाही.

---

ओंकार_दहावीब · सोमवार, संध्याकाळी ७.००

पतंग दिव्याकडे का येतात? आमच्या पुस्तकात चंद्र समजून येतात असं काहीतरी आहे.

---

रानवाट · सोमवार, संध्याकाळी ७.४५

२०२४ च्या जानेवारीत यावर नवीन अभ्यास आला, संशोधकांत भारतीय मुलगाही होता. वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण केल्यावर दिसलं की उडणारे कीटक सरळ दिव्याकडे झेपावत नाहीत, ते दिव्याकडे पाठ करतात. रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे उजेड ज्या बाजूला ती बाजू वर, एवढं त्यांना पुरतं. बल्ब बाजूला असला की ते पाठ तिकडे वळवतात आणि त्याच्याभोवती फिरत राहतात. उडी घ्यायला आलेले नसतात, अडकलेले असतात. आजींच्या सासूबाई कंदील बारीक करत, ते योग्यच होतं.

---

गोकर्णी · दुसऱ्या आठवड्यातला बुधवार, सकाळी ७.२५

मंडळी, तेवीसपैकी सोळा फुटली!

पहाटे सहाला बघितलं तर मलमलीवर बारीक, विटकरी रंगाच्या अळ्या, मधोमध काळा पट्टा. रानवाट, हिरव्या नाहीत, काही बिघडलंय का?

दरम्यान थोडं झालं ते सांगते. या धाग्यातली माहिती मी सोसायटीच्या ग्रुपवर मराठीत आणि हिंदीत लिहून टाकली. जिन्यातले दोन दिवे आता हालचाल झाली की लागणारे केले, बाकी वेळ अंधार. ज्या शेजाऱ्यांनी तिला डब्यात घातलं होतं ते रविवारी घरी आले, मुलीला घेऊन. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, शिमटीचं झाड आमच्या ऑफिसच्या गेटवर आहे, पानं मी आणत जाईन. काल पहिली जुडी आणून दिली, ओल्या फडक्यात गुंडाळून.

---

रानवाट · बुधवार, सकाळी ७.५०

काही बिघडलं नाही, पहिल्या अवस्थेत त्या अशाच विटकरी-काळ्या असतात. कात टाकत टाकत हिरव्या होतील. पानांचे देठ बाटलीतल्या पाण्यात ठेवा आणि बाटलीच्या तोंडाला कापूस लावा, नाहीतर अळ्या खाली उतरून पाण्यात पडतात. त्यांना हाताने उचलू नका, जुनं पान नव्या पानावर ठेवा, आपोआप सरकतात. मोठ्या झाल्या की त्या गेटवरच्या झाडावरच सोडायच्या.

---

डोंबिवलीची_आजी · बुधवार, सकाळी ८.१५

गोकर्णी, फोटो टाक गं. मोठे करून टाक, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय.